बंद इंजिनाचा उतार

९ जून, सकाळ
बिश्केक

बुरुलचा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न वाचता फाडू नकोस. वाचून फाड. फोनवर तू मला आठ वर्षांपूर्वी बंद केलंस, आणि बरोबर केलंस. सख्ख्या आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला कुठल्या पाहुण्याने किती मांस पिशवीत भरून घरी नेलं यावर जो विनोदी लेख छापतो, त्याच्याशी बहिणीने बोलायचं तरी काय? म्हणून हा कागद. तुमच्या येकातेरिनबुर्गला पार्सलं नेणारा मिनीबसवाला आहे, त्याच्याकडे देईन. तो सुकी जर्दाळू, सुक्या दह्याचं कुरुत आणि घराघरांतली भांडणं एकाच डिकीत घालून सरहद्द पार करतो.

बातमी एका ओळीची आहे. अताके ट्रक घेऊन निघून गेलेत.

काल पहाटे गेले. मी झोपलो होतो. आपला झिल ट्रक सुरू झाला की आख्ख्या गल्लीतल्या खिडक्या थरथरतात, तरी बाप निघताना मी झोपलो होतो. यावरून माझ्या सदसद्विवेकबुद्धीचा अंदाज बांध. उठलो तर अंगणात तेलाचा डाग आणि फाटक सताड उघडं. फोन उशीशी ठेवून गेलेत. टोपी नेली, गोळ्या नेल्या नाहीत.

तुला काळजी नको म्हणून सांगतो, ट्रक ठणठणीत आहे. मागच्या महिन्यात मेकॅनिकला दाखवला होता.

पोलिसांना कळवलेलं नाही. वय अठ्ठ्याहत्तर, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, परवाना संपून चार वर्षं झाली. पकडले तर ट्रक अडकवून ठेवतील, तपासणी करतील, म्हाताऱ्याची शोभा होईल. एवढ्याचसाठी कळवलं नाही, दुसरं काही कारण नाही.

समोरच्या जिर्गल एजे आठवतात का? नवरा गेल्यापासून त्याच्या पांढऱ्या झिगुलीवर त्या प्रवासी भरून नेतात. त्यांना म्हटलं, एजे, मला कारा-बाल्ताच्या बाजूला न्याल का, अताके त्याच रस्त्याने गेले असणार, आयुष्यभर त्यांना दुसरा रस्ता माहीत नाही. त्या म्हणाल्या, "बस. पण वाटेत विनोद करायचा नाही. मला गाडी चालवताना राग आला की मी वेगाने चालवते."

पुढचं गाडीतून लिहितो. हातांना काहीतरी काम हवंय.

९ जून, दुपार
कारा-बाल्ता, बाजाराजवळचं चहाचं दुकान

जून महिना म्हणजे काय ते तू तिकडच्या सिमेंटमध्ये विसरली असशील. सगळा देश कुरणावर निघालाय. जिथे म्हणून चाकं होती ती सगळी घराबाहेर काढलीत. आणि ही चाकं काय या शतकातली आहेत? मी सकाळपासून मोजतोय, कारण मला नजर हटवता येत नाही. एक शिशिगा ट्रक, मेंढ्यांनी भरलेली, चपट्या नाकाची. दोन पावाच्या लादीसारख्या उआझ व्हॅन, छपरावर गाद्या. एक मोस्कविच, त्याच्या डिकीतून शेळीचं तोंड बाहेर. साइडकारवाली उराल मोटरसायकल, साइडकारमध्ये आजी, आजीच्या मांडीवर शिवणयंत्र. आणि झिल! निळा झिल दिसला की मी सीटवरून पुढे सरकतो. आपल्या झिलचं डावं दार हिरवं आहे, हे तुला सांगायला नको. पण ते डावीकडून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि समोरून येणारा प्रत्येक निळा ट्रक आधी आपलाच वाटतो. प्रत्येक वेळी मी आधी काच फुटलीय का ते बघतो, मग दार.

"झिल!" मी ओरडलो.

"गाझ आहे तो. त्रेपन्न नंबर," एजे म्हणाल्या. "बोनेट बघ की. झिलवाल्याच्या घरात पन्नास वर्षं जेवलास ना रे तू?"

"दुरून सारखेच दिसतात."

"दुरून तूही शहाणा दिसतोस."

पुढे रस्त्याकडेला एक निळा ट्रक उलटलेला होता. खरंच उलटलेला, चारी चाकं बाजूला, बटाटे पसरलेले. मी गाडी थांबायच्या आत उतरलो आणि घोटा मुरगळून घेतला. ड्रायव्हर पंचविशीतला, बटाटे गोळा करत होता. मला थोरला भाऊ करून म्हणाला, "बाइके, मदत करताय का नुसतेच रडताय?" मी रडत होतो हे मला त्याने सांगितल्यावर कळलं.

बुरुलचा, सकाळी मी एक गोष्ट गाळली.

आठवड्यापूर्वी एक डच जोडपं आपल्या गल्लीत आलं होतं. नवरा-बायको दोघं देशोदेशी फिरून जुन्या सोव्हिएत गाड्या हेरतात. वही असते. गाडी दिसली की थांबायचं, नंबर, रंग, साल टिपायचं, फोटो काढायचा, आणि एकमेकांकडे असं बघायचं की जणू हिमबिबट्या दिसला. आपल्याला ज्याची लाज वाटते ते पाहायला लोक अर्धी पृथ्वी ओलांडून येतात, असं मी लगेच पुढच्या सदरासाठी टिपून ठेवलं. त्यांना फाटकावरून झिलचं नाक दिसलं. मी फाटक उघडलं. त्या बाईला अताकेंच्या सीटवर बसवलं. ती स्टिअरिंगवरून हात फिरवत म्हणाली की त्यांच्या गावात एकाने असल्या गाड्यांसाठी मोठी शेड बांधलीय, तो हा ट्रक जन्मभर जपेल. मी हो म्हटलं. हात मिळवला. ते न्यायला जुलैत येणार.

अताके आत झोपले होते. म्हणजे मला तसं वाटलं. खिडकी उघडी होती.

त्यानंतर ते आठवडाभर माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते. मीठ दे. दार लाव. हेच मला आता सगळ्यात भयंकर वाटतं.

१० जून, सकाळी अकरा
तो-अशू घाट, बोगद्याच्या तोंडाशी, रांगेत

अक्षर वेडंवाकडं येतंय. थंडी आहे असं समज.

रात्री पायथ्याच्या गावात राहिलो. अंधारात घाट चढायला एजेंनी साफ नकार दिला. सकाळी त्याच गावात पत्ता लागला. अताकेंच्या डेपोतले जोमार्त आठवतात? ते वारले. त्यांची बायको बातमाकान तिथे राहते. तिच्या शेजारणीने कुंपणावरून सगळं सांगितलं. परवा अताके ट्रक घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, यंदा तुझा तंबू कुरणावर कोण नेणार? भाड्याचा कामाझ? का, माझा झिल मेलाय?" दोन दिवस बांधाबांध चालली. आज सहा वाजता निघाले. ट्रकवर तंबूची सगळी लोकर, लाकडं, लोखंडी शेगडी, चार शेळ्या, कुत्रा. आणि त्या ढिगावर बातमाकानची सून आणि तिच्या दोन मुली. धाकटी पाच वर्षांची.

शेजारीण म्हणाली, "असे छान दिसत होते! म्हातारा वीस वर्षांनी लहान झाला होता."

मी कुंपणाला धरून उभा राहिलो.

तुला आता सांगितलंच पाहिजे. ट्रक ठणठणीत नाही. झिलचे ब्रेक हवेवर चालतात. हवा टाकीत भरतो तो पंप इंजिनावर फिरतो. आपल्या ट्रकचा हवेचा पाइप जुना झालाय, गळतो. इंजिन चालू असेल तोवर पंप भरत राहतो, तेव्हा कळतही नाही. इंजिन बंद केलं की टाकी हळूहळू रिकामी. मग पेडल दाबा नाहीतर प्रार्थना करा, सारखंच.

आणि अताके उतारावर इंजिन बंद करतात.

तू लहान होतीस, तुला तो फोटो आठवतो की नाही कोण जाणे. पेट्रोल वाचवणाऱ्या ड्रायव्हरांचे फोटो डेपोच्या फाटकाशी लावायचे. सहा वर्षं ओळीने अताकेंचा फोटो होता. सगळ्यांची एकच युक्ती. माथ्यावर थांबायचं, दोन्ही हात तोंडावरून फिरवून ओमीन म्हणायचं, की देवा सुखरूप चढवलंस, आणि मग किल्ली फिरवून इंजिन बंद. खाली सूसामीरच्या कुरणांपर्यंत ट्रक आपोआप घरंगळत. त्या काळी ब्रेक नवे होते. देश गेला, डेपो गेला, फाटक कोणीतरी विकून खाल्लं. अताकेंचा उजवा हात माथा आला की अजून किल्लीकडे जातो. नाही बंद केलं तर त्यांना काहीतरी चोरल्यासारखं वाटतं.

मेकॅनिकने मला सांगितलं होतं. तो म्हणाला, घाई नाही, सवडीने बदलू. मी म्हटलं, बरं.

बोगद्यात एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतायत. रांगेत आमच्यापुढे अकरा गाड्या आहेत. मी पळत पुढे जाऊन पाहून आलो. आपला झिल त्यांच्यात नाही. पहाऱ्यावरच्या माणसाला विचारलं.

"निळा झिल, हिरव्या दाराचा?"

"वर बायका-पोरी? आत्ताच सोडला की. दहा मिनिटं झाली."

"त्यांना पलीकडे थांबवा! फोन करा!"

"का? काय केलं म्हाताऱ्याने?"

आणि बुरुलचा, मी गप्प बसलो. तिथे दोन सेकंद मी गप्प बसलो. मग सांगितलं, ब्रेक खराब आहेत. त्याने फोन फिरवला. पलीकडचा उचलेना.

रांग हलली.

१२ जून
सूसामीर, बातमाकानचा तंबू

सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहितो. परवाच्या पानावर मी तुला आठ वर्षांनंतर एका रांगेत उभं करून सोडलं, त्याची माफी मागतो.

बोगद्यातून बाहेर आलो तर पलीकडे सपाटीला दहा-बारा गाड्या थांबल्या होत्या. माणसं उतरून हात पाय मोकळे करत होती, ओमीन म्हणत होती. त्यांत आपला झिल. इंजिन बंद. किती वेळ बंद होतं देव जाणे. अताके बोनेटला टेकून चहा पीत होते. मला पाहून त्यांनी ट्रॅफिक पोलीस पाहावा तसं पाहिलं.

"आलास? गिऱ्हाईक कुठाय तुझं? मागच्या सीटवर बसवलंयस?"

"अताके, इंजिन चालू करा. ब्रेकचा पाइप गळतो. इंजिन बंद करून उतरू नका."

"कोण म्हणतो?"

"मेकॅनिक. गेल्या महिन्यात म्हणाला."

"आणि तू आज सांगतोस."

अताके बातमाकानकडे वळले. "वहिनी, हा माझा मुलगा. पेपरात लोकांना हसवतो. याला माझा ट्रक परदेशात धाडायचाय. आज ब्रेक गळतो म्हणतोय, उद्या म्हणेल स्टिअरिंग कागदाचं आहे."

बातमाकान हसली. सून हसली. शेजारच्या ट्रकवाल्याने मला ओळखलं; "अरे, तुम्ही ते सदरवाले ना!" म्हणत तोही हसला. मी भाकरीची शपथ घेतली. ते आणखी हसले. वीस वर्षं माझा फोटो विनोदाच्या सदरावर छापून येतोय. या तोंडातून निघालेलं कोण खरं मानणार? मी रडकुंडीला आलो तेव्हा तर त्यांना तो नक्कलेचा भागच वाटला.

एकटीने खरं मानलं. जिर्गल एजे ट्रकपाशी गेल्या आणि वर बघून म्हणाल्या, "मुलींनो, माझ्या गाडीत गाणी आहेत आणि गोळ्या आहेत. कोण येतंय?" दोघी ढिगावरून घसरत खाली आल्या. सून म्हणाली, "मी शेळ्यांपाशी थांबते." तिला उतरवायला एजेंकडे गोळ्या नव्हत्या.

अताके केबिनमध्ये चढले. बातमाकान मधे बसली. मी हिरव्या दाराशी जाऊन हात जोडले, "निदान चालू करून न्या."

"बावन्न वर्षं मी या उतारावर इंजिन चालू ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "आज तुझ्यासाठी ठेवू? बाजूला हो."

मी पलीकडून चढलो. धाडस वगैरे काही नव्हतं. खाली उभं राहून बघवणार नव्हतं, इतकंच.

त्यांनी हातब्रेक सोडला. ट्रक हलला, आवाज न करता. बुरुलचा, एवढं मोठं धूड मुकाट्याने उताराला लागतं ना, तेव्हा फक्त वारा ऐकू येतो आणि मागे कढया एकमेकींवर आपटल्याचं. समोर हवेचा काटा होता. चारवर. पहिल्या वळणाला अताकेंनी पेडल दाबलं, ट्रक शहाण्यासारखा हळू झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. काटा साडेतीन. इंजिन बंद म्हणून स्टिअरिंगही जड. म्हातारा दोन्ही दंडांनी ते ओढत होता आणि मानेवरची शीर उभी राहत होती. दुसरं वळण. काटा तीनच्या खाली.

"अताके, काटा."

"दिसतो मला."

त्यांना दिसत नव्हता. काटा उजवीकडे आहे. तो डोळा उजवा.

"दोनवर आलाय!" मी ओरडलो. "देवाशपथ सांगतो, दोन!"

या वेळी कोणी हसलं नाही. तिसऱ्या वळणाला पेडल तळाला गेलं. दमलेल्या माणसाने सुस्कारा सोडावा तसा आवाज आला, आणि ट्रक वेग घ्यायला लागला. बातमाकानने माझं मनगट धरलं; त्याचे वळ अजून आहेत. अताकेंनी किल्ली फिरवली, क्लच दाबला, गिअर घातला. गिअरचे दात कडकडले, इंजिन खोकलं, बंदुकीसारखा बार निघाला, आणि ते चालू झालं. ट्रक गिअरवर अडला, पण थांबेना. हवा भरायला पाच मिनिटं लागतात. खाली वळणाच्या पुढे रस्ताभर मेंढ्या होत्या, हजारभर, आणि घोड्यावर एक मेंढपाळ आमच्याकडे पाठ करून. हॉर्न हवेवरच वाजतो.

हातब्रेक ओढला तर पायाखालून धूर यायला लागला. तेव्हा त्यांनी डोंगराच्या बाजूला स्टिअरिंग वळवलं. तिथे रस्तावाल्यांनी खडीचा ढीग टाकलेला होता. आम्ही त्यात शिरलो, खिडकीपर्यंत. मग सगळं थांबलं, आणि वरून शेळी ओरडली.

सून लोकरीच्या वळकट्यांत रुतली होती, ओठ फुटला होता. बातमाकानचं कोपर सुजलं. मला काही झालं नाही. माझ्यासारख्यांना होत नाही. अताकेंच्या तीन बरगड्या मोडल्या. त्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मी एकेक बोट सोडवत होतो आणि माझ्या तोंडून काहीतरी निघत होतं, बहुतेक लहानपणची हाक. ते समोर खडीकडे बघत म्हणाले,

"हसव ना आता."

तेवढंच. त्यानंतर काल संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मेंढपाळाने ट्रकला दोर बांधून घोडे लावले, डॉक्टर येऊन पट्टी बांधून गेली, बातमाकानने तंबू उभारून त्यांना मानाच्या जागी, दारासमोर झोपवलं. ती मला शिव्या देत नाही. वाटीत मांस वाढते. शिव्या दिल्या असत्या तर गिळलं असतं.

काल दिवे लागायच्या वेळी हाक आली, "सोव्हेतबेक." देशाचं नाव मुलाला देणारा बाप ते पूर्ण घेतो तेव्हा काहीतरी चुकलेलं असतं.

"मुलीला कळवलंस?"

"लिहितोय."

"स्वतःला वाचवून लिहिलं असशील."

मी पानं पाठीमागे धरली.

"पूर्ण लिही. मग मला वाचून दाखव. मी ऐकणार, मग पाकीट बंद करायचं."

म्हणून पूर्ण लिहितो. मेकॅनिक "घाई नाही" असं म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, "हा पाइप आजच बदलायला हवा, अर्ध्या दिवसाचं काम आहे, तुमचे वडील चालवतात ना?" मी म्हणालो, "राहू दे. तो आता कुठे धावणार आहे?" ट्रकबद्दल म्हणालो असं मी स्वतःला सांगत होतो. डच मंडळी तेव्हा आलीही नव्हती. मला फक्त कंटाळा आला होता. पोलिसांना कळवलं नाही तेही त्यांची शोभा होईल म्हणून नाही. तपासणीत पाइप निघाला असता आणि कोणीतरी विचारलं असतं, तुम्हाला ठाऊक होतं का. बोगद्याशी ते दोन सेकंद गप्प बसलो तेही त्याचसाठी. पाच वर्षांची मुलगी ढिगावर आहे हे माहीत असताना.

इथे रेंज फक्त नदीपलीकडच्या टेकाडावर येते. बातमाकान रोज दुपारी दूध काढून झाल्यावर तिकडे जाते. तिचा नंबर पाठीमागे लिहिलाय. तू फोन केलास तर मेंढपाळ अताकेंना घोड्यावर बसवून टेकाडावर नेईन म्हणतो, बरगड्यांना चालेल तेव्हा. मी तिथे नसेन. तुला माझा आवाज ऐकावा लागणार नाही.

पहिली पानं बदलू का, असं त्यांना दारातून विचारलं. "ट्रक ठणठणीत" वगैरे असलेली. म्हणाले, "काही बदलू नकोस. आत ये आणि पहिल्यापासून वाच."

तंबूचं दार वर गुंडाळलेलं आहे. आत ते जागे आहेत, खोकतायत. एजे माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जा की." बुरुलचा, परवा उतारावर मी इतका घाबरलो नव्हतो.

तुझा बाइके